मदत हवी आहे: स्पार्क प्लग बदलू की कॉइल तपासू?

भाऊ लोकहो, पेट्रोल गाडी, ५२ हजार किमी झालेत. इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग साधे निकेलचे, एकदाही बदललेले नाहीत. परवा चाळीसगावहून संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात चढावर गाडी झटके देऊ लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. सोबत आई होती, जीव टांगणीला लागला.

मेकॅनिकने प्लग काढून दाखवले: तीन विटकरी, एक काळाकुट्ट. तो म्हणतो, चारही इरिडियमचे टाका, लाखभर किमी बघायला नको. पण एकच काळा म्हणजे त्या सिलिंडरची, प्लगला वीज देणारी कॉइल तर गेली नसेल? एअर फिल्टरही धुळीने भरला होता, तो लगेच बदलला.

आपल्या खान्देशच्या उन्हाधुळीत तुम्ही प्लग किती किमीला बदलता? साध्यांनी भागतं का? पुढच्या आठवड्यात आईला परत दवाखान्यात न्यायचंय, लवकर सांगा.