वकिली कार्यालयाने समाज, समावेशन आणि सहकाऱ्यांचे स्वास्थ्य यांविषयी लेखी बांधिलकी स्वीकारताना काय लिहावे?

प्रश्न (भागीदार वकील, पुणे)

सप्रेम नमस्कार. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाजवळ आमचे दिवाणी आणि कौटुंबिक दाव्यांचे कार्यालय आहे. आम्ही तीन भागीदार, अकरा सहकारी वकील आणि कारकून, टंकलेखक व शिपाई धरून एकूण 22 माणसे येथे काम करतो.

गेल्या वर्षी आमच्या एक अतिशय हुशार सहकारी गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात काम सोडून गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्याकडच्या सर्व फाइल्स नीट लावून, प्रत्येकीवर पुढची तारीख आणि राहिलेले काम पेन्सिलीने लिहून माझ्या टेबलावर ठेवले होते. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की रजेविषयी विचारायचे तरी कोणाला, हेच त्यांना कळले नाही. करारपत्रात तिचा उल्लेख नव्हता आणि आपण विषय काढला तर चांगली प्रकरणे दुसऱ्याकडे जातील, अशी त्यांना भीती वाटत होती. ते करारपत्र मीच तयार केलेले आहे.

तेव्हापासून माझ्या मनात आहे की गरजूंसाठीचे काम, कार्यालयात सर्वांना सामावून घेणे आणि सहकाऱ्यांचे आरोग्य या तिन्ही बाबतींत आपण काय करणार आहोत, ते लिहून काढावे. मोठ्या कार्यालयांची अशी निवेदने मी वाचली. त्यांतील शब्द चांगले आहेत, परंतु त्या शब्दांमुळे आमच्या त्या सहकारी थांबल्या असत्या का, हे मला सांगता येत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (कार्यालय व्यवस्थापक, मुंबई)

आपण करारपत्रापासून सुरुवात केलीत, हे योग्यच झाले, कारण आपल्या व्यवसायातील मूळ अडचण तेथेच आहे. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे बहुतेक कार्यालयांत सहकारी वकील कागदोपत्री ‘रिटेनर’वर, म्हणजे नोकर म्हणून नव्हे तर ठरलेल्या मानधनावर असतात आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), प्रसूतिरजा यांचे जे संरक्षण टंकलेखकाला मागता येते, ते शेजारच्या टेबलावरील वकिलाला हक्काने मागता येईलच असे नाही. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. मात्र आपल्या सहकारी वकिलांना तिचा लाभ द्यायचा असेल, तर तो करारपत्रातच लिहावा लागेल. किती आठवडे, त्या काळात मानधन किती आणि परत आल्यावर स्वतःची प्रकरणे परत मिळणार की नाही, हे तिन्ही स्पष्ट लिहा. माझ्या अनुभवात तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. पैशांपेक्षाही ‘आपली फाइल गेली’ ही भावना माणसाला अधिक दुखावते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा, अशी तिची रचना असते. त्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या व्यापक असून तीत प्रशिक्षणार्थी आणि विनामोबदला काम करणारेही येतात. म्हणून आपल्याकडे उन्हाळी सुटीत येणाऱ्या विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींनाही समितीच्या सदस्यांची नावे पहिल्याच दिवशी सांगा.

नवोदितांच्या मानधनाविषयी बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात शहरी भागासाठी दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागासाठी 15,000 रुपयांची शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही. तरीही जे कार्यालय ती पाळत नाही, त्याने समावेशनाविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुण्यात खोलीभाडे भरून फुकट राबणे ज्याला परवडते, तोच मग या व्यवसायात टिकतो.

प्रतिसाद (विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील, सातारा)

मी फक्त गरजूंसाठीच्या कामाविषयी लिहितो. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाचा दोन टक्क्यांचा नियम ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आहे, भागीदारी संस्थांना नाही. परंतु वकिलांना त्याहून जुनी जबाबदारी बार कौन्सिलच्या नियम 46 ने दिलेली आहे: ज्याला पूर्ण फी देता येत नाही, त्यालाही कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि स्वतःच्या आर्थिक मर्यादेत राहून गरीब व पीडितांना विनामूल्य साहाय्य करणे हे वकिलाचे सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे.

आपल्या दस्तऐवजात ‘आम्ही समाजासाठी कटिबद्ध आहोत’ असे न लिहिता महिन्याचे तास लिहा. एका कैद्याचे उदाहरण देतो. चोरीच्या गुन्ह्यातील एका कच्च्या कैद्याला जामीन मंजूर झालेला होता, पण सातबारा दाखवू शकेल असा ऐपतदार जामीनदार त्याच्याकडे नव्हता, म्हणून तो चार महिने आतच राहिला. मी कारागृहात भेटलो तेव्हा त्याने जामिनाच्या आदेशाची प्रत चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेली होती. घड्यांवर ती फाटत आली होती. त्याला वाटत होते की न्यायालयाने जामीन नाकारला आहे, कारण तो कागद त्याला कोणी वाचूनच दाखवला नव्हता. अट शिथिल करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा अर्ज करण्यात माझ्या ज्युनियरचे दोन अर्धे दिवस गेले. आपल्या अकरा वकिलांचे असे दोन दोन अर्धे दिवस कार्यालयाने दरमहा मोकळे ठेवले, तर कितीतरी कागद वाचून दाखवता येतील.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. आपल्याकडे कौटुंबिक दाव्यांसाठी येणाऱ्या आणि फी ऐकून परत जाणाऱ्या भगिनींना हे सांगणे, एवढेही आपल्या कारकुनाचे काम म्हणून लिहून ठेवता येईल. एक काळजी मात्र घ्या. नियम 36 ने वकिलांना जाहिरातीस मनाई केलेली आहे, तेव्हा या कामाची छायाचित्रे प्रसिद्ध करू नका. ज्या माणसाचे दुःख आहे, त्याची परवानगी हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद (दृष्टिहीन वकील, नागपूर)

22 माणसे आहेत, म्हणून हे लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 21 प्रमाणे खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि नियमांनुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते अधिक तपशिलात द्यावे लागते. पण धोरणापेक्षा कागद कसा येतो, यावर माझा दिवस अवलंबून असतो. मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वाचतो. समोरच्या पक्षाचा लेखी जबाब स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात आला की यंत्राला त्यात एकही अक्षर सापडत नाही.

माझ्या पहिल्या कार्यालयात मला वाचून दाखवायला कोणी मोकळे नसे आणि तारखेच्या आदल्या रात्री मी आईला फोनवर छायाचित्रे पाठवून तिच्याकडून मजकूर ऐकत असे. हल्लीच्या कार्यालयात कारकून प्रत्येक कागद आल्याबरोबर अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरमधून काढतात, मराठी जोडाक्षरे बिघडलेली असतील तर हाताने दुरुस्त करतात आणि मगच फाइल माझ्याकडे येते. त्यांना यासाठी रोज पाऊण तास ठरवून दिलेला आहे. ती मेहरबानी राहिलेली नाही, हे माझ्यासाठी फार मोलाचे आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा तिघांचे मनापासून आभार. दृष्टिहीन सहकाऱ्याला आपल्याकडे काम करता येईल का, हा विचार आम्ही कधी केलाच नव्हता, हे लिहिताना मला वाईट वाटते. एक शंका राहते. उच्च न्यायालयाचा दुसऱ्या दिवसाचा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) संध्याकाळी लागतो, तेव्हा आमच्या तिकडच्या प्रकरणांसाठी रात्रीचे काम पूर्णपणे बंद करणे शक्य नाही. मग स्वास्थ्याविषयी प्रामाणिकपणे काय लिहावे?

प्रतिसाद (कार्यालय व्यवस्थापक, मुंबई)

रात्रीचे काम होणार, हेच लिहा आणि ते कोणाचे, हे आठवड्याच्या सुरुवातीला ठरवा. आमच्याकडे बोर्ड पाहण्याची पाळी असते. जिची पाळी नाही, तिला आठनंतर कोणी फोन करत नाही, आणि जी उशिरापर्यंत थांबली, ती, न्यायालयात तारीख नसेल तर, दुसऱ्या दिवशी दुपारी येते. हा नियम भागीदारांनी मोडला तर तो मोडलाच, म्हणून आधी आपण तिघांनी त्यावर सह्या करा. शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. तो क्रमांक आम्ही प्रत्येकाच्या करारपत्रासोबत देतो. आणि शक्य असल्यास नव्या करारपत्राचा मसुदा, अंतिम करण्यापूर्वी, सोडून गेलेल्या त्या सहकाऱ्यांना वाचायला पाठवा.