टॉवरच्या मजल्याचा आराखडा संगणकीय विश्लेषणाने सुधारता येतो का?

चेंबूरचा सभासद (प्रश्न):
नमस्कार. आमच्या चार मजली इमारतीच्या जागी २३ मजल्यांचा टॉवर उभा राहणार आहे. विकासकाच्या आराखड्यात प्रत्येक मजल्यावर आठ सदनिका आहेत, मध्यभागी लिफ्ट व दोन जिने आहेत, दोन्ही बाजूंना बंद टोकांची लांब लॉबी आहे आणि चार स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या वरून उघड्या अरुंद पोकळीत, उघडतात. माझी आई आज सकाळी ओट्याशी उभी राहून दिवा न लावता तांदूळ निवडते; नव्या घरात भर दुपारीही दिवा लावावा लागेल, अशी तिला धास्ती आहे. बैठकीत हा मुद्दा मांडला, तेव्हा ‘सगळे नियमात बसते’ एवढेच उत्तर मिळाले. संगणकीय विश्लेषणाचा आमच्यासारख्या गृहनिर्माण संस्थेला प्रत्यक्ष उपयोग होईल का, आणि ते कधी करून घ्यावे?

प्रकाश-अभ्यासक:
आपल्या आईंची धास्ती आकड्यात मांडता येते, आणि हाच या विश्लेषणाचा पहिला उपयोग आहे. आय. एस. २४४० या भारतीय मानकात स्वयंपाकघरासाठी दिवसप्रकाशाचे प्रमाण, म्हणजे बाहेरच्या प्रकाशापैकी आत पोहोचणारा वाटा, २.५ टक्के आणि दिवाणखान्यासाठी ०.६२५ टक्के धरले आहे. बाहेरच्या आकाशाचा प्रकाश ८००० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) मानून हिशेब करतात, म्हणजे ओट्यावर २०० लक्स मिळायला हवेत. रेडियन्स ही प्रकाशगणनेची प्रणाली मोफत उपलब्ध असून ग्रासहॉपर व हनीबी या आराखड्याच्या संगणकीय साधनांच्या जोडीने ती वापरता येते.

मात्र गणना कोणत्या मजल्यासाठी केली, हे अवश्य विचारा. कागदावर सर्व मजले सारखे दिसतात, पण डक्टमधला प्रकाश सारखा नसतो. तीन मीटर रुंद आणि सत्तर मीटर उंच डक्टच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, तर हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढेच आकाश दिसते, आणि खिडकीतून तेही मान बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. विसाव्या मजल्याचा आकडा दाखवून दुसऱ्या मजल्याचे समाधान करता येत नाही.

पुढची पायरी म्हणजे पर्यायांचा शोध. डक्टची रुंदी, जिन्यांची जागा, खिडकीचे माप आणि बाल्कनीची खोली बदलत ठेवून संगणक हजारो आराखडे तपासू शकतो. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी एन.एस.जी.ए.-२ ही पद्धत कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये विकसित केली व २००२ साली प्रसिद्ध केली. ती एकच ‘सर्वोत्तम’ आराखडा देत नाही. एका बाजूचा लाभ वाढवला की दुसऱ्या बाजूला किती तोशीस पडते, हे दाखवणारे अनेक पर्याय पुढे ठेवते. कार्पेट क्षेत्रातले किती चौरस फूट देऊन किती उजेड घ्यायचा, हा निर्णय सभासदांचाच असला पाहिजे.

संरचना अभियंता:
वरील विवेचन योग्य आहे, परंतु एक मर्यादा सांगणे मी आवश्यक समजतो. टॉवरमधले स्तंभ आणि शिअर वॉल (वारा व भूकंपाचा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) पायापर्यंत सरळ उतरतात आणि खाली त्यांना पार्किंगच्या मांडणीशी जुळवून घ्यावे लागते. स्वच्छतागृहांचे पाइपही एकाखाली एक येतात. या अटी सुरुवातीलाच न घातल्यास संगणकाने सुचवलेला सुंदर आराखडा पहिल्याच बैठकीत बाद होतो. शिवाय हल्ली ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये (काँक्रीट ओतण्याच्या साच्यांत) आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. पूर्वी विटांची भिंत पाडून खिडकी मोठी करता येत असे, ती सोय आता उरलेली नाही. म्हणून हे काम आराखडा महापालिकेत मंजुरीला जाण्यापूर्वीच व्हायला हवे. नंतर कितीही अचूक आकडे हाती आले, तरी त्यांचा उपयोग नाही.

वास्तुकला विद्यार्थिनी:
लॉबीकडेही लक्ष द्यावे, अशी विनंती. बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी १९८४ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या ‘स्पेस सिंटॅक्स’ या विचारपद्धतीत एका जागेपासून दुसरी जागा किती वळणे ‘खोल’ आहे, हे मोजतात. डेप्थमॅप-एक्स या मोफत प्रणालीत मजल्याचा आराखडा घातला की लिफ्टच्या दारातून कोणती दारे दिसतात आणि कोणते कोपरे कोणाच्याच नजरेत येत नाहीत, हे रंगांत दिसते. लॉबीच्या एका टोकाला खिडकी आणली, तर उजेड व हवा दोन्ही मिळतात आणि अंधारा कोपराही उरत नाही. अर्थात दारे समोरासमोर दिसली म्हणून शेजारधर्म वाढेल, असे ही गणना सांगत नाही. तसा दावा कोणी केल्यास तो मान्य करू नये.

चेंबूरचा सभासद:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचा आराखडा अद्याप मंजुरीला गेलेला नाही. दुसऱ्या, बाराव्या आणि बाविसाव्या मजल्यावरील प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा प्रकाश विकासकाने लेखी द्यावा आणि डक्ट रुंद केलेले किमान तीन पर्याय कार्पेट क्षेत्रातील फरकासह मांडावेत, असा ठराव येत्या रविवारच्या सभेत मी मांडणार आहे. अभियंत्यांनी सांगितलेल्या स्तंभांच्या व पाइपांच्या अटी त्यात घालून मसुदा उद्या येथे ठेवतो. काही राहून गेले असल्यास कृपया दाखवावे.

प्रकाश-अभ्यासक:
मसुद्यात समोरच्या इमारतींची उंचीही गणनेत धरावी, असे लिहा. शेजारच्या भूखंडाचाही पुनर्विकास होणार असेल, तर आजची नव्हे, उद्याची उंची धरण्यास सांगा.