केबल बंद करावी, की आधी बिल वाचावे?

उंबरठा

‘रिमोटसंन्यासी’ यांचे ‘केबलला रामराम’ हे टिपण काल वाचले. त्यानंतर झोप लागण्याऐवजी डोक्यात बेरजाच होत राहिल्या, म्हणून हे सविस्तर उत्तर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) 8 जुलै 2024 रोजी नेटवर्क शुल्कावरची, म्हणजे केबलजोडणीच्या मासिक आकारावरची, कमाल मर्यादा उठवली, तेव्हा बिल आता वाढतच जाणार, घरात वायफाय असताना जो अजूनही केबलचे पैसे भरतो तो ‘सवयीचा गुलाम’ आहे, आणि घरातल्या वृद्धांना ‘महिन्याभरात ॲपची सवय होते’.

पहिल्या विधानाशी माझे भांडण नाही. उरलेल्या दोहोंशी आहे. आमच्या घरी आम्ही हा प्रयोग करून पाहिला आहे. गेल्या जानेवारीत केबल बंद केली आणि सासूबाईंना (वय 81) टीव्हीवर ॲप लावून दिले. त्यांना केबलवरचे तीन क्रमांक पाठ होते आणि रिमोटवरची तेवढीच बटणे झिजलेली होती. ॲपमध्ये मात्र आधी आपले नाव निवडायचे, मग सारख्याच दिसणाऱ्या चौकटींतून मालिका शोधायची, मग ‘आपले खाते दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे’ अशी सूचना वाचायची. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘मला हल्ली मालिका आवडत नाहीत.’ आम्ही त्यावर विश्वास ठेवला, ही आमची चूक. खरी गोष्ट एवढीच होती, की प्रत्येक वेळी नातवाला हाक मारण्याचा त्यांना संकोच वाटत होता. फेब्रुवारीत केबल पुन्हा घेतली.

आता बिलाविषयी. आमचे मासिक बिल 418 रुपये 90 पैसे आहे. त्यात नेटवर्क शुल्क 130, वाहिन्यांचे 225 आणि या 355 रुपयांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 63.90. सर्वांत मोठा भाग वाहिन्यांचा आहे आणि तो केबलवाल्याने ठरवलेला नाही, हे टिपणात कुठेही आलेले नाही.

रिमोटसंन्यासी

आपल्या सासूबाईंविषयी मला आदर आहे. परंतु धोरणाच्या चर्चेत त्यांना पुढे केले की समोरच्याचे तोंड आपोआप बंद होते, हे आपल्यालाही ठाऊक असावे.

मी गुलामी हा शब्द रागाच्या भरात लिहिलेला नाही. आम्हा पुणेकरांना मार्च 2013 च्या अखेरीची मुदत दाखवून सेट टॉप बॉक्स घ्यायला लावले गेले. चित्र स्पष्ट येईल आणि जे पाहाल त्याचेच पैसे पडतील, असे तेव्हा सांगण्यात आले. ‘जे पाहाल त्याचेच पैसे’ हे वाक्य 1 फेब्रुवारी 2019 रोजी नवी दररचना लागू झाली तेव्हा पुन्हा ऐकले. त्या महिन्यात मी कागदावर 14 वाहिन्या लिहून दिल्या आणि माझे बिल अडीचशेवरून साडेतीनशेवर गेले. कमी पाहून जास्त पैसे देण्याची ही योजना ज्याने आखली त्याला गणिताचे पारितोषिक दिले पाहिजे. बॉक्सचे पैसे मी भरले होते, तरी जोडणी तोडताना ‘बॉक्स परत करा’ असे सांगण्यात आले, हे वेगळेच.

पैसा वसूल

संन्यासीबुवा, तुमचा राग योग्य आहे, पण नेम चुकतो आहे. नव्या दररचनेत बुकेमध्ये, म्हणजे वाहिन्या चालवणारा प्रसारक एकत्र विकतो त्या गठ्ठ्यामध्ये, बसणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत 19 रुपये ठरली. त्याबरोबर मागणी असलेल्या वाहिन्या एकामागोमाग एक नेमक्या 19 रुपयांवर जाऊन बसल्या. मर्यादा म्हणून आखलेली रेघ सर्वांनी दरपत्रक म्हणून वाचली. 1 जानेवारी 2020 च्या सुधारणेत ट्रायने ती 12 वर आणली, तेव्हा प्रसारक उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 30 जून 2021 च्या निकालात त्या सुधारणेचा मोठा भाग ग्राह्य धरला. त्यानंतरही वाद चालू राहिला आणि 22 नोव्हेंबर 2022 रोजी 19 रुपयांची मर्यादा पुन्हा आली. सोबत, बुकेवर 45 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभाही आली.

या 45 टक्क्यांचा अर्थ पाहा. तुम्हाला 19 रुपयांच्या तीन वाहिन्या हव्या आहेत, म्हणजे 57 रुपये. त्याच तीन वाहिन्यांत आणखी डझनभर घालून सुट्या दरांची बेरीज 110 होईल असा बुके केला, तर तो साडेसाठ रुपयांना विकता येतो. साडेतीन रुपये वाचवण्यासाठी बारा वाहिन्या कोण नाकारेल? ग्राहकाला निवड दिलेली आहे, फक्त ती निवड करणारा वेडा ठरेल अशी व्यवस्थाही केलेली आहे.

मात्र तुमच्या उपायाचा हिशेबही सांगतो. मी 2023 साली केबल बंद केली, कारण आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवत होते. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे नुसते दूरचित्रवाणीचे हक्क 23,575 कोटी रुपयांना विकले गेले होते, आणि डिजिटल हक्कांचे पैसे त्याहून वेगळे. एवढे पैसे मोजणारा फार काळ फुकट वाटणार नाही, हे मला कळायला हवे होते. 2025 साली तिथेही वर्गणी मागितली गेली. आज ब्रॉडबँड आणि तीन ॲप मिळून माझा महिन्याचा खर्च पूर्वीच्या केबलच्या दुपटीहून अधिक आहे. ब्रॉडबँड तसेही घेतलेच असते हे मान्य. पण ॲपची वर्गणी वर्षाची घेतल्यामुळे ती बोचत नाही, एवढाच काय तो फरक.

मराठी आधी

सर्वजण मूळ दुखणे सोडून बोलत आहेत. मराठी घराला मराठी वाहिनी हवी असते आणि हातात पडतो तो हिंदी मालिका, लहान मुलांचे कार्यक्रम आणि तिसऱ्याच भाषेतल्या बातम्या असा गठ्ठा. 1999 साली अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते. आज त्याच भाषेसाठी आम्हाला इतरांचे भाडे भरावे लागते. केबल बंद करून हा प्रश्न सुटत नाही, कारण ॲपमध्ये तर मराठी विभाग शोधेपर्यंत मालिकेची वेळ संपते.

जुनी अँटेना

आपण सर्वजण पैसे देण्याच्या दोन पद्धतींवर भांडत आहात. तिसरा मार्ग पैसे न देण्याचा आहे. दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर 2004 पासून चालू आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की मासिक शुल्क नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने चित्रपट आहेत आणि भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामनेही असतात. माझ्या घरी गेली नऊ वर्षे हेच चालू आहे आणि कोणी उपाशी राहिलेले नाही.

रिमोटसंन्यासी

जुनी अँटेना यांचे शतशः आभार. शिवाय दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबललाही बंधनकारक आहे; म्हणजे क्रिकेटसाठी क्रीडावाहिनीचा बुके घेणारे केबलग्राहक दुहेरी मूर्ख ठरतात.

पैसा वसूल

इथे तुम्ही घसरलात. 2007 च्या कायद्यानुसार, राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला द्यावे लागते हे खरे. परंतु ते प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या भूप्रक्षेपणावर (साध्या अँटेनावर दिसते त्यावर) आणि स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवावे, खासगी केबलवर जाऊ देऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिलेला आहे. म्हणून केबलवर दूरदर्शनची वाहिनी लावली तरी तो सामना तिथे मिळत नाही. आयपीएल तर त्या यादीतच नाही.

जुनी अँटेना

आमच्याकडे फ्री डिशच असल्यामुळे आमचे काही बिघडले नाही. मात्र उंबरठाबाईंच्या सासूबाईंना हव्या असणाऱ्या मोठ्या मराठी वाहिन्या फ्री डिशवर नाहीत, हे मी आधीच सांगायला हवे होते. विचारले असते तर सांगितलेही असते.

दुसरी पिढी केबल

मी वाचून सोडून देणार होतो. परंतु ‘केबलवाल्यांना मोकळे रान’ हे शब्द टिपणात तीन वेळा आले आहेत, आणि मी तो केबलवाला आहे. वडिलांनी 1993 साली धंदा सुरू केला, मी 2011 पासून पाहतो.

130 रुपये नेटवर्क शुल्क आम्ही खिशात घालतो असा समज आहे. नियमांत दिलेली वाटणी अशी, की वेगळा करार झाला नसेल तर 55 टक्के एमएसओला (प्रसारकांकडून वाहिन्या घेऊन आमच्यासारख्यांना पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीला) आणि 45 टक्के स्थानिक चालकाला. म्हणजे माझ्याकडे 58 रुपये 50 पैसे येतात. त्यातून दोन मुलांचा पगार, नोडची वीज, गच्चीवरून वायर नेऊ देण्यासाठी सोसायट्यांची मनधरणी, आणि जूनमध्ये वीज कडाडली की जळणारे ॲम्प्लिफायर. वाहिनीच्या किमतीतला मोठा वाटा प्रसारकाचा. त्यातून वितरणाला मिळतात 20 टक्के, आणि तेही आधी एमएसओच्या हातात पडतात. मर्यादा 2024 मध्ये उठली, पण मी शुल्क एका रुपयाने वाढवू शकलेलो नाही, कारण वाढवले की दुसऱ्या दिवशी दहा जण बॉक्स परत आणतात. माझ्या भागात 610 जोडण्या होत्या, आज 340 आहेत.

फेब्रुवारी 2023 चेही सांगतो. नव्या दरांचे करार करायला काही एमएसओंनी नकार दिला, तेव्हा मोठ्या प्रसारकांनी वाहिन्या बंद केल्या. भांडण त्या दोघांचे होते. रात्री साडेदहाला माझ्या दारात उभे राहून शिव्या देणाऱ्यांना मात्र एकच चेहरा ठाऊक होता.

रिमोटसंन्यासी

आपली व्यथा वाचून डोळे पाणावले. आता माझीही ऐका. आमच्या केबलवाल्याने सहा वर्षांत एकही पावती दिलेली नाही. 2019 साली मी लिहून दिलेल्या 14 वाहिन्यांचा कागद त्याने खिशात घातला आणि सगळ्या गल्लीला एकच ठरावीक पॅक लावला. तक्रार केली तर ‘सगळ्यांना हेच आहे’ असे उत्तर मिळाले. ज्या कायद्यातले 55 आणि 45 आपल्याला तोंडपाठ आहेत, त्याच कायद्यात ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या द्याव्यात असेही लिहिलेले आहे. ते पान आपल्या व्यवसायातील किती जणांनी उघडले?

दुसरी पिढी केबल

आपण आवाज चढवल्याने आपल्या केबलवाल्याचे पाप माझे होत नाही. मी पावती देतो.

रिमोटसंन्यासी

आपण देत असाल. मी आपल्या भागात राहत नाही, हे माझे दुर्दैव.

मराठी आधी

पावतीवर मराठीत काही छापलेले असते का, हेही विचारून घ्यावे.

दुसरी पिढी केबल

असते. आणि संन्यासीसाहेब, एक गोष्ट कबूल करतो, ती आपल्याला आवडेल. 2019 मध्ये आमच्यातल्या बहुतेकांनी ठरावीक पॅक लावले हे खरे आहे, आणि मीही लावले. पाचशे-सहाशे घरांचे पाचशे-सहाशे वेगवेगळे कागद महिनाभरात संगणकावर चढवायचे होते, एमएसओचे सॉफ्टवेअर दिवसातून चार वेळा बंद पडत होते आणि ग्राहक म्हणत होते, ‘काहीही लाव, पण चालू कर.’ पुढे ते बदलून द्यायला हवे होते. ज्यांनी मागितले त्यांना दिले. मागितले फारच थोड्यांनी. आजही कोणी यादी आणली तर मी त्याच दिवशी बदलून देतो, आणि त्यात माझा तोटा होत नाही, कारण माझी मिळकत मुख्यतः नेटवर्क शुल्कात आहे. जोडणी तोडलीत तर मात्र 58.50 जातात.

रिमोटसंन्यासी

अखेर एका केबलवाल्याने 2019 चा खुलासा 2019 नंतर का होईना, पण केला. ‘मोकळे रान’ हे शब्द मी प्रसारकांकडे वळवतो. गुलाम हा शब्द मात्र तसाच राहील.

उंबरठा

दोन दिवस इथे लिहिले नाही, कारण ‘दुसरी पिढी’ यांच्या त्या वाक्यावरून आम्ही यादी करायला बसलो होतो. आधी मी मनाने 20 वाहिन्या लिहिल्या. मग आठवडाभर खरोखर काय लागते ते वहीत नोंदवलेल्या यजमानांनी त्यातल्या 11 खोडल्या. (ही वही ते माझ्या नकळत ठेवत होते, त्याविषयी घरात वेगळी चर्चा झाली.) सासूबाईंनी एकच अट घातली, की त्यांच्या तीन क्रमांकांना हात लावायचा नाही. उरलेल्या नऊपैकी चार 19 रुपयांच्या, दोन 12 च्या, एक 5 ची आणि दोन एकेका रुपयाच्या, एकूण 107.

पैसा वसूल यांचे बुकेचे गणित बरोबर आहे. पण आमच्या चार महागड्या वाहिन्या तीन निरनिराळ्या प्रसारकांच्या निघाल्या, म्हणून तीन बुके घेण्यापेक्षा सुट्या स्वस्त पडल्या. एकाच प्रसारकाच्या असत्या तर उलटे झाले असते. तेव्हा आमच्या यादीवरून कोणी स्वतःची यादी करू नये.

नवे बिल 130 आणि 107 मिळून 237, त्यावर जीएसटी 42.66, म्हणजे 279 रुपये 66 पैसे. महिन्याला 139 रुपये 24 पैसे कमी झाले. केबल चालू आहे, हे रिमोटसंन्यासी यांनी कृपया लक्षात घ्यावे.

रिमोटसंन्यासी

घेतले. फेब्रुवारी 2019 पासून दरमहा 139 रुपये 24 पैसे जास्त भरत होतात असे धरले तर एकूण किती होतात, तेवढे यजमानांना त्याच वहीत मांडायला सांगावे.

उंबरठा

त्यांनी ते आधीच मांडले आहे. आकडा मी इथे लिहिणार नाही.