एमएचा ४,००० शब्दांचा शोधनिबंध, विषय ‘पुण्यातील पाणीप्रश्न’. सुरुवात कुठून करायची?

सत्र_दुसरं
एमए अर्थशास्त्र, पहिलं वर्ष. सहा आठवड्यांत ४,००० शब्दांचा शोधनिबंध द्यायचाय. विषय मंजूर झालाय ‘पुणे शहरातील पाणीप्रश्न’. गूगलवर बातम्यांचा ढीग आहे, शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) जाडजूड प्रबंध. वाचन चालू आहे, पण लिहायला घेतलं की शाळेतला निबंध होतो. शिवाय साधर्म्य (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग) १० टक्क्यांच्या आत हवं म्हणतात, ते कसं जमवायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

तळटीप
‘पाणीप्रश्न’ हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. प्रश्नात ठिकाण, काळ आणि तुलना हवी, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकलं पाहिजे. उदाहरणार्थ: ‘धायरी महापालिकेत आल्यावर तिथल्या सोसायट्यांचं टँकरवरचं अवलंबित्व कमी झालं का?’ मार्गदर्शकांना विचारून शीर्षक एवढं अरुंद करून घ्या. मात्र महापालिकेत ११ गावं ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, धायरी त्यांतलीच, आणि २३ गावं जून २०२१ मध्ये. दोन्ही गट एकत्र घेतले तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ला अर्थच उरणार नाही.

वाचन नुसतं वाढवू नका. अलीकडचा एक चांगला लेख पकडा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा, आणि गूगल स्कॉलरवर त्याच्या खाली ‘हा लेख कोणी उद्धृत केला’ अशी लिंक असते, तिथून पुढे या. दोन्हीकडे तीच ती नावं दिसायला लागली की थांबा. ४,००० शब्दांना १२ ते १५ संदर्भ पुष्कळ झाले, त्यातले चार-पाच पूर्ण वाचायचे. बाकीच्यांचा सारांश, तक्ते आणि पद्धत एवढं बघा. जुनं साहित्य ‘पूना’ या स्पेलिंगखाली आहे, तेही टाकून बघा. शोधगंगेवर प्रबंधाची प्रकरणं बहुधा वेगवेगळ्या फायलींत असतात. साहित्याचा आढावा आणि संदर्भसूची उघडा, बाकीचं राहू द्या.

प्रत्येक संदर्भामागे चारच गोष्टी टिपायच्या: दावा काय, पुरावा कसला, पान क्रमांक, माझ्या प्रश्नाशी संबंध काय. पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला पान क्रमांक निबंध द्यायच्या आदल्या रात्री शोधत बसावा लागतो.

हिशेबतपासणी
वरचा प्रश्न घेतलात तर आकडे मिळण्यासारखे आहेत. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक हिशेबात टँकरचा खर्च बहुतेक वेळा वेगळा दाखवलेला असतो. सचिवांकडे लेखापरीक्षित हिशेब मागा. आठ-दहा सोसायट्यांचे मिळाले तरी निबंध उभा राहतो. हे आकडे वापरताना चार ठिकाणी घसरायला होतं:

हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. समावेश ऑक्टोबरमधला, म्हणजे २०१७-१८ हे वर्ष धड आधीचं नाही, धड नंतरचंही नाही. तुलना २०१६-१७ आणि २०१८-१९ ची करा, जमलं तर पुढची दोन वर्षंही घ्या.

नुसते रुपये घेऊ नका. दर वाढला तर पाणी तेवढंच घेऊनही खर्च फुगतो. बिलांवरून फेऱ्या मोजा आणि टँकर किती लिटरचा ते लिहा, सगळे टँकर सारख्या मापाचे नसतात.

लिटरना राहत्या सदनिकांनी भागा, बांधलेल्या नव्हे. नव्या इमारतीत दोन वर्षांत कुटुंबं दुप्पट झाली, तर टँकर वाढले म्हणून नळाचं पाणी घटलं असं म्हणता येत नाही.

त्याच काळात सोसायटीने बोअर घेतली किंवा ती आटली, तर तशी नोंद करा. नाहीतर श्रेय किंवा दोष उगाच महापालिकेला जाईल.

संदर्भमाप म्हणून माणशी रोज १३५ लिटर हा सांडपाणी व्यवस्था असलेल्या शहरांसाठीचा निकष वापरा. महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे आदेश आणि २०११ ची जनगणना हे मूळ स्रोत. बातमी फक्त तारखेपुरती. छापील अहवालांसाठी गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय गाठा, जाताना महाविद्यालयाचं पत्र घ्या.

महापालिकेने पाठवलेल्या टँकरच्या फेऱ्या हव्या असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे तुमच्या सहा आठवड्यांतले चार त्यातच गेले. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, शब्द साधारण १५०. ‘पाणी कमी का येतं?’ असं विचारू नका. ‘अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतच्या टँकर नोंदवहीची प्रत’ मागा. कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, असलेली नोंद देणं आहे.

सत्र_दुसरं
धन्यवाद! आमच्याकडे ‘प्राथमिक माहिती’ला गुण आहेत. गूगल फॉर्म सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून १०० उत्तरं मिळवली तर चालेल?

नमुना_निवड
चालणार नाही. निदान ‘धायरीतले ७० टक्के लोक असं म्हणतात’ हे वाक्य त्यावरून लिहिता येणार नाही. ९५ टक्के विश्वासपातळी आणि १० टक्के त्रुटी धरून ९६ नमुने पुरतात हे खरं, पण नमुना यादृच्छिक असेल तरच. ग्रुपवर फॉर्म भरतो तो वैतागलेला माणूस, ज्याच्याकडे पाणी नीट येतं तो कशाला भरेल? सोसायट्यांची यादी करा आणि चिठ्ठ्या टाकून दहा निवडा. हिशेबाची प्रत आणि सचिवांची वीस मिनिटांची मुलाखत ही प्राथमिक माहितीच आहे.

मात्र नुसत्या हिशेबावर भागेल असं मला वाटत नाही. नळाला पाणी रात्री दोनला येतं की सकाळी सातला, हे खतावणीत दिसत नाही, मुलाखतीतच कळतं. लेखी परवानगी घ्या आणि निबंधात ‘सोसायटी अ’, ‘सोसायटी ब’ असंच लिहा.

मुद्रितशोधक
साधर्म्याबद्दल. १० टक्के हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतला. स्रोत देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायदे हे त्यात मोजत नाहीत. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही नाहीत. पण हे वगळायची सेटिंग तपासणाऱ्याने लावायला हवी, म्हणून अहवाल आल्यावर ते आधी विचारा. आकडा १० च्या आत आला म्हणजे सुटलो, असंही नाही. एक परिच्छेद जसाच्या तसा उचलला तर तो तीन टक्क्यांतही चोरीच. शब्द इकडचे तिकडे करण्यापेक्षा पीडीएफ बंद करा, टिपणावरून लिहा, मग उघडून आकडे ताडून पाहा.

लिहायचा क्रम उलटा ठेवा. आधी तक्ते, मग त्यांतून काय दिसतं ते, मग पद्धत, आढावा, आणि प्रस्तावना सर्वात शेवटी. शब्दांची वाटणी ढोबळ अशी: प्रस्तावना ४००, आढावा ८००, पद्धत ५००, निष्पत्ती १,२००, चर्चा ८००, मर्यादा आणि समारोप ३००. ‘शाळेतला निबंध’ होतो तो आढाव्यात. ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी रांग लागते. परिच्छेद लेखकावरून नव्हे, मतभेदावरून सुरू करा.

संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरा, फुकट आहे. मराठी नावं आपोआप नीट उचलली जात नाहीत, आडनावाचा रकाना हाताने तपासा. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल तपासणीच्या सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांसारखी दिसते.

आणि एआयकडून संदर्भ मागवू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तसा लेखच नाही, असं त्यात सर्रास होतं. मागवलाच असेल तर डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून लेख उघडतो का ते पाहा. उघडला तरी शीर्षक जुळवा. क्रमांक दुसऱ्याच लेखाचा निघू शकतो.