निगेटिव्ह स्कॅन करून ठेवायच्या तर टिफ की जेपेग?

गॅलरीतला, गिरगाव

बाबांच्या निगेटिव्ह माळ्यावर सापडल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ४३ रोल. बटरपेपरच्या पाकिटांवर शिसपेन्सिलीने 'गणपती', 'माथेरान', 'ताईचं बारसं' एवढंच, साल कुठेच नाही. निम्मे रोल कृष्णधवल, काही उटीच्या 'इंदू' फिल्मचे, काही 'ऑर्वो' फिल्मचे, बाकी रंगीत. काही पट्ट्यांवर बुरशीची कोळिष्टकं धरलीत. आपल्याकडचे पावसाळे माहीतच आहेत.

स्कॅनर घेतलाय, ३२०० डीपीआयवर (इंचाला ३२०० ठिपके) काम चालू आहे. माझं मत ठाम आहे: सगळं १६ बिट टिफमध्येच ठेवायचं, म्हणजे चित्रातलं काही न टाकणाऱ्या फाइलमध्ये, रंगांच्या भरपूर पायऱ्यांसकट. एक रंगीत फ्रेम ८२ एमबीची होते, होऊ दे. भाचा म्हणतो, "मामा, जेपेग कर, कोण बघणारे एवढं?" पण जेपेग फाइल लहान करताना जे टाकून देतं ते परत मिळत नाही, आणि दर वेळी उघडली की फाइल आणखी थोडी खराब होते. की मीच अडून बसलोय?

हिशेबी

उघडल्याने काही खराब होत नाही हो! हजारदा बघा, पेनड्राइव्हवर न्या, एक बिटही हलत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केलीत तरच झीज होते. हा गैरसमज दर चार महिन्यांनी कुणीतरी नव्याने आणतंच.

आता तुमचा आकडा. ४३ रोल म्हणजे साधारण १५५० फ्रेम. सगळ्या १६ बिट रंगीत टिफ केल्यात तर सव्वाशे जीबी. डिस्कवर मावेल, पण एक प्रत ठेवून भागत नाही. दुसरी प्रत, तिसरी प्रत, क्लाउडचं दरमहाचं भाडं, आणि चाळीतल्या इंटरनेटवरून तेवढं चढवणं! तेच उत्तम दर्जाचं जेपेग केलंत तर फ्रेममागे आठ एमबीच्या आसपास. दोन्हींच्या आठ बाय दहाच्या प्रिंट शेजारी ठेवतो, ओळखून दाखवा.

डार्करूमवाला, दादर

प्रिंटमध्ये नाहीच ओळखता येणार, कारण ते तयार चित्र आहे. निगेटिव्हचा स्कॅन हा कच्चा माल. खरी गोम तिथे आहे.

रंगीत निगेटिव्ह नारिंगी आणि फिकी असते. उलटवून रंग आणायचे तर सगळे टोन ताणावे लागतात. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, त्यातल्या निगेटिव्हच्या वाट्याला थोड्याच येतात. त्या ताणल्या की मधे फटी पडतात. मरीन ड्राइव्हवरच्या संध्याकाळचं आभाळ मी असंच घालवलंय, कापलेल्या कांद्यासारखे पट्टे पट्टे. १६ बिटमध्ये पायऱ्या ६५,५३६. कितीही ताणा.

आणि गॅलरीतले, कृष्णधवल रोल रंगीत मोडमध्ये कशाला करताय? ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटा) १६ बिट ठेवा, फ्रेम २७ एमबीवर येईल. स्कॅनरचं इन्फ्रारेडवालं धूळ काढायचं बटणही त्यांना लावू नका. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे मशीनला चित्रच धूळ वाटतं. माझ्या आजोबांच्या मिशा अशाच गेल्या.

कुर्ल्याची

२६ जुलै २००५. सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आमचं घर तळमजल्यावर. दुसऱ्या दिवशी अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेलं की चेहरा अर्धा या पानावर, अर्धा त्या. निगेटिव्ह खालच्याच कप्प्यात होत्या. लग्नाचे आज जे चार फोटो आहेत ते नाशिकच्या आत्याकडे पोस्टाने पाठवलेले म्हणून.

तुम्ही बिटांवरून भांडताय. प्रत दुसऱ्या गावात आहे का, ते सांगा आधी. मी जेपेगच्या बाजूने. १५५० फोटो १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसतात, पाच भावंडांना पाच वाटता येतात. सव्वाशे जीबी कोण कुणाला वाटणार?

हिशेबी

+१. आणि मूळ प्रत म्हणजे निगेटिव्हच. कधी हवीच झाली तर पुन्हा स्कॅन करायची.

गॅलरीतला, गिरगाव

पुन्हा?? एका फ्रेमला फुंकणीने धूळ उडवून, पट्टी सरळ करून सहा मिनिटं जातात. तोवर बुरशी काय माझी वाट बघत थांबणार आहे?

डार्करूमवाला, दादर

कुर्ल्याच्या ताई, तुमच्या मुद्द्याला नाही म्हणत नाही. पण टिफमधून पाहिजे तेव्हा जेपेग काढता येतं, उलट नाही. भावंडांना जेपेग वाटा की, घरात टिफ राहू दे. टिफ १९८६ पासून आहे आणि आजही कुठेही उघडते. जागा वाचवायची तर आत झिप कॉम्प्रेशन लावा, त्यात काही गळत नाही. एलझेडडब्ल्यू हे दुसरं कॉम्प्रेशन मात्र १६ बिटला लावू नका, फाइल कधीकधी उलट फुगते. पीएनजी हा फाइलचा प्रकारही चालेल, तेही काही न टाकता १६ बिट घेतं.

गॅलरीतला, गिरगाव

काल रात्री 'गणपती'चा एक रोल दोन्ही प्रकारे करून पाहिला. एका फ्रेममध्ये मखराच्या मागे, फ्लॅश पोचला नाही अशा भिंतीवर एक चौकोन आहे. जेपेग उजळलं तर नुसते ठोकळे ठोकळे. टिफ उजळली तर भिंतीवरचं कालनिर्णय! दोनदा झूम करून साल वाचलं, १९८१. पाकिटावर लिहिलं लगेच.

हिशेबी

साल मिळालं ना? मग ते फाइलच्या नावात घाला आणि टिफ उडवा. त्या रोलमध्ये निम्म्या फ्रेम मोदकांच्या ताटाच्या असणार, पैजेवर सांगतो.

गॅलरीतला, गिरगाव

सोळा आहेत. उडवत नाही तरी. पेनड्राइव्ह पाच मागवलेत, एक पुण्याला जाईल. आणि ते कालनिर्णयाचं पान अजून जुलैचंच आहे. आमच्याकडे वेळेवर कुणी उलटलं नाही कधी.