टेक्सासमधील अग्निशमन दलात नवे उपप्रमुखपद

या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे की टेक्सासमधील शहरात अग्निशमन प्रमुखाने नुसते मनात आणले की लगेच नवे उपप्रमुखपद निर्माण होते. ज्या शहरांना त्या राज्याच्या स्थानिक शासन संहितेचे प्रकरण 143 (अग्निशमन व पोलीस कर्मचाऱ्यांच्या सेवेचे नियम) लागू आहे, तिथे असे होत नाही. पदांचे वर्ग (म्हणजे हुद्द्यांच्या श्रेणी) आणि प्रत्येक वर्गातील पदांची संख्या नगर परिषद अध्यादेशाने ठरवते, आणि प्रमुखाच्या लगतखालचे पद परीक्षेऐवजी थेट नेमणुकीने भरायचे असेल, तर त्यासाठीही परिषदेची संमती लागते. शिवाय अशा थेट नेमणुकीसाठी प्रमुखाखाली किमान 4 वर्ग असावे लागतात.

माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. असा नियुक्त अधिकारी प्रमुखाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो, मात्र त्याला दूर केल्यास तो सेवेतून बाहेर पडत नाही, तर ज्येष्ठता राखून पूर्वीच्या वर्गात परततो. (आपल्याकडच्या पदावनतीसारखी ही शिक्षा नव्हे.) त्यामुळे प्रमुखाला विश्वासातला सहकारी मिळतो आणि परीक्षा देऊन वर आलेल्याचे हक्कही बुडत नाहीत. खालच्या वर्गांतील बढत्या मात्र सामान्यतः स्पर्धा परीक्षेनेच होतात, म्हणून परीक्षेविना भरल्या जाणाऱ्या अशा नव्या पदाला होणारा कर्मचाऱ्यांचा विरोध निव्वळ हटवाद ठरवणे मला पटत नाही.