हिवाळ्यातील शेतघर: चूल, साठवण आणि गोठा यांविषयीचे आपले अनुभव

दिवस लहान होतात, कामे मात्र तेवढीच राहतात, हे शेतावर घर करून राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. स्वयंपाक, सरपण, साठवण आणि जनावरे यांची सांगड आपण थंडीत कशी घालता, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. धुके आणि शेकोटी यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. कोणती युक्ती चालते आणि ती का चालते, हे कळले तर इतरांना त्याचा उपयोग होईल.

* * *

आमच्याकडे थंडीत स्वयंपाकाचा क्रम भूक नव्हे, तर आच ठरवते. पहाटे जाळ मोठा असतो तेव्हा आंघोळीचे पाणी आणि डाळीचे आधण चढते. जाळ बसून निखारे धरले की भाजण्याची कामे होतात. आणि दुपारच्या मंद धगीवर दूध ठेवले की त्यावर जाड साय धरते. अर्थात, हे सारे सरपण सुके असेल तरच जमते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते, त्यामुळे बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते, घरात धूर कोंडतो आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर बसतो, जो पुढे पेट घेऊ शकतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला फोडलेल्या लाकडालाही निदान सहा महिने आणि जाड, कठीण लाकडाला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून आम्ही या हिवाळ्याचे सरपण गेल्या हिवाळ्यातच फोडून रचलेले असते. टोकांना चिरा पडल्या असतील आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, तर लाकूड तयार झाले असे समजावे. आवाज बद्द आला तर ते पुन्हा रचून ठेवावे.

* * *

वरच्या अनुभवातील मंद धगीला मी गवताच्या पेटीची जोड देते. लाकडी पेटीत वाळलेले गवत दाबून भरायचे, मधोमध भांड्यापुरता खळगा ठेवायचा, खळखळून उकळलेले भांडे झाकणासह त्यात बसवायचे आणि वर गवताची जाड उशी दाबायची. कडधान्ये आणि रस्से त्यात जळणाशिवाय शिजतात व तळाला लागत नाहीत. भांडे मात्र जवळजवळ भरलेले हवे, कारण थोड्याशा पदार्थाची ऊब टिकत नाही. आणि आतील उष्णता ६० अंशांच्या खाली जाण्याआधी भांडे बाहेर काढावे. राजम्याच्या बाबतीत मी कोणतीही सवलत घेत नाही. त्यातील विषारी द्रव्य मंद उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास सणसणीत उकळल्याशिवाय पेटीत ठेवत नाही. कडाक्याच्या थंडीत दही लागत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनीही ही पेटी वापरून पाहावी: दूध ४० ते ४५ अंशांवर आले की विरजण लावावे आणि भांडे रात्रभर पेटीत ठेवावे.

* * *

साठवणीत शेजार महत्त्वाचा असतो. सफरचंदांतून सुटणाऱ्या वायूमुळे गाजरे कडवट होतात, तर बटाट्यांच्या दमटपणाने कांदे सडतात. म्हणून आम्ही चौघांना वेगवेगळ्या जागा दिल्या आहेत. गाजरे किंचित ओलसर वाळूत एकमेकांना न टेकवता पुरतो. बटाटे अंधारात ठेवावेत, परंतु अतिथंड जागी नकोत, कारण तेथे त्यांतील पिष्टाची साखर होते आणि तळताना ते काळपट पडतात. जमिनीतील कोबी आणि गाजरे यांना मात्र हलका दहिवर (गोठलेले दव) लागलेला चांगला. थंडी सोसण्यासाठी झाडे स्वतःमध्ये साखर वाढवतात आणि चव सुधारते.

* * *

मी गोठ्यापुरतेच लिहितो. गारठलेले पाणी जनावर कमी पिते आणि पाणी कमी गेले की दूध उतरते, त्यामुळे सकाळच्या चुलीवर पहिला मान गाईच्या पाण्याचा असतो. सुकी वैरण संध्याकाळी वाढवून टाकावी, कारण ती पचताना पोटात उष्णता तयार होते आणि रात्र निभावते. कोंबड्यांना भरपूर अंडी देण्यासाठी दिवसाचा १४ तासांहून अधिक उजेड लागतो. खुराड्यात दिवा लावायचा असेल तर तो पहाटे लावावा, कारण संध्याकाळी तो अचानक विझला तर कोंबड्यांना अंधारात बसण्याच्या दांडीवर चढता येत नाही आणि त्या खालीच राहतात. आम्ही दिवा लावत नाही. वर्षातून काही आठवडे त्यांनाही सुट्टी असावी, असे माझे मत आहे.

* * *

एक इशारा आवर्जून देते. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन कोणीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. खिडकीची फट राहू द्यावी आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी.

* * *

राखेविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून एवढेच सांगतो की तिच्या आत निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. आम्ही ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून दूर, दगडावर ठेवतो. पूर्ण निवल्यावर थोडी भांड्यांसाठी घेतो आणि उरलेली चाळून भाजीच्या वाफ्यांत पसरतो. बटाट्याच्या वाफ्यात मात्र टाकत नाही, कारण जमिनीची आम्लता कमी झाली की बटाट्यांच्या सालीवर खवले धरतात.